लॅम्ब्रेटा गरम झाली की विझते, गार झाली की परत सुरू होते: वळसंगला तीन वेळा बसून सापडलेलं कारण

ज्यांच्याकडं जुनी लॅम्ब्रेटा, लॅम्बी, विजय सुपर नाहीतर वेस्पाच्या जातीतली जुनी बजाज स्कूटर आहे आणि गाडी घरून एका किकमधी सुरू होते, पंधरा-वीस किलोमीटर मस्त पळते, मग मधीच विझते आणि अर्धा तास झाडाखाली उभी केली की जसं काय झालंच नाही अशी परत सुरू होते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी या एका त्रासात दीड वर्ष घालवलं, कार्ब्युरेटर चार वेळा साफ केला, तीन कंडेन्सर बदलले, आणि खरं कारण निघालं ते माझ्या गल्लीतलंच.

गाडी अण्णांची आहे, एलआय १५० सिरीज टू, मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीत बनलेली, १४८ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, ६ व्होल्टचं मॅग्नेटो (इंजिन फिरलं की करंट तयार करणारं), प्लॅटिनम पॉइंट (तो करंट जोडणारी-तोडणारी उघडझाप), बॅटरीबिटरी काही नाही. इटलीत इनोसेंटी कंपनीनं ही गाडी काढली, ते मूळचे स्टीलचे पाइप बनवणारे, म्हणून हिची चेसी पण पाइपचीच आहे, वेस्पासारखी पत्र्याची नाही. पुढं १९७२ ला मिलानच्या त्या कारखान्यातली स्कूटरची यंत्रं लखनौच्या स्कूटर्स इंडियानं घेतली, त्यामुळं त्यांच्या विजय सुपरचे बरेच पार्ट आपल्याला चालतात. सगळे चालत नाहीत, मोजून घ्यायचे, दुकानदार "बसतंय ओ मालक" म्हणाला की लगेच पैसे काढायचे नाहीत.

तर त्रास असा. गुरुवारी मी अक्कलकोटला जातो, सोलापुरातल्या घरापासून चाळीसेक किलोमीटर. वाटेत कुंभारी गावापर्यंत काहीच नाही, आणि वळसंग जवळ आलं की गाडी एकदम गप्प. मार्चमधी एकदा झालं तर म्हटलं कचरा आला असेल. एप्रिलमधी परत तिथंच. तिसऱ्या वेळी तर चहावाल्यानं मला बघून आधीच स्टूल पुढं केलं. दर वेळी अर्ध्या तासानं गाडी सुरू व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी मी ती थंड गाडी घेऊन मिस्त्रीकडं जायचो, तो एक किक मारायचा, गाडी सुरू, मग माझ्याकडं बघायचा. बिचारा काय करणार, कार्ब्युरेटर साफ करून द्यायचा.

इथंच माझी चूक होती आणि बहुतेक लोकांची हीच होते. गरम झाल्यावर येणारा बिघाड थंड गाडीवर सापडत नाही. तो सापडतो गाडी विझल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांत, रस्त्याच्या कडेला, आणि त्यासाठी प्लग पाना, एक चालू प्लग आणि एक रिकामी बाटली डिकीत पाहिजे. आपण काय करतो, गाडी बंद पडली की आधी वीस किका मारतो, मग घाम पुसतो, मग घरी फोन करतो, आणि तेवढ्यात इंजिन गार होऊन पुरावा गेलेला असतो.

पहिलं म्हणजे गाडी मेली कशी ते लक्षात ठेवा. स्विच बंद केल्यासारखी एका झटक्यात मेली तर शंका करंटवर. आचके देत, ओढ कमी होत, मधी एखादा दम धरून मेली तर पेट्रोलवर. हे दर वेळी खरं ठरतं असं नाही पण दहातल्या आठ वेळी दिशा बरोबर मिळते.

मग लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. उघडताना सुस्स आवाज करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर तुमचा प्रश्न तिथंच संपला, झाकणाच्या बारीक भोकात धूळ बसलीय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही. सुईनं भोक मोकळं करायचं, शून्य रुपये खर्च. आपल्याकडची धूळ बघता मी तर म्हणतो सगळ्यात आधी हेच करा, बाकीचं नंतर.

झाकणाचं काही नसेल तर प्लग काढा, हात भाजतो म्हणून फडकं घेऊन. कॅप लावून प्लगचा धातू सिलिंडरच्या धातूला नीट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की त्या भोकातनं पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि ठिणगी शेजारीच असली तर मग गाडी सुरू करायची गरजच राहत नाही. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, हेल्मेट आडवं धरून सावली करा. निळी, जाड, टिकटिक आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, केसासारखी बारीक, एका किकला येते दुसऱ्याला नाही, म्हणजे करंटमधीच गडबड. आणि प्लगची कॅप पण एकदा बदलून बघा, लोक ती विसरतात.

ठिणगी नसेल तर अजून एक गोष्ट तिथंच करायची, इंजिन बंद करायच्या बटनाकडं जाणारी वायर सोडवायची. माझ्या गाडीत ती हिरवी आहे. मॅग्नेटोच्या गाडीत बटन दाबलं की ती वायर बॉडीला लागते आणि करंट मरतो, म्हणजे हँडलच्या आत कुठं ती वायर घासून उघडी पडली असली तर हँडल वळवलं की, नाहीतर तापल्यावर इन्सुलेशन मऊ पडलं की, गाडी आपली आपण बंद. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर इंजिन खोलू नका, वायरिंग बघा. (मग गाडी बंद कशी करायची? चौथ्या गेअरमधी टाका, ब्रेक दाबा, क्लच हळू सोडा.)

ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडं जायचं. प्लग परत बसवून टाका, कार्ब्युरेटरकडं येणारी नळी काढून बाटलीत सोडा, सीटखालची पेट्रोलच्या कॉकची दांडी उघडा. धार सलग आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबलीय, टाकीत गंज आहे, नाहीतर नळीला पीळ पडलाय. नळी बदलताना ढिगानं लांब ठेवतात आणि ती वाकते नाहीतर तापलेल्या पत्र्याला टेकते, मग आत पेट्रोलची वाफ होऊन बुडबुडा अडकतो. नळी मापात कापा, उतार सरळ राहू द्या.

चौथ्या वेळी, मे महिन्यात, मी हे सगळं वळसंगच्या त्या लिंबाखाली केलं. झाकण ठीक. ठिणगी पिवळी, बारीक, जणू ओल्या काडीची. हिरवी वायर सोडली तरी तीच. पाच मिनिटं थांबलो, परत बघितली, जरा बरी. वीस मिनिटांनी निळी. एवढं बघितल्यावर मला कार्ब्युरेटरचे गेलेले चार वेळचे पैसे आठवले आणि चहा जरा कडूच लागला.

आता करंट म्हटल्यावर संशयित तीन: कंडेन्सर, मॅग्नेटोच्या आतली कॉइल, आणि प्लगला करंट देणारी बाहेरची मोठी कॉइल. कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडतो त्या क्षणी तिथं उसळणारा करंट तो पिऊन घेतो, म्हणजे पॉइंटवर ठिणगी पडत नाही आणि सगळा जोर प्लगवर जातो. तो गेला की उलटं होतं, पॉइंट जळतात आणि प्लग उपाशी. बघायचं कसं, तर फ्लायव्हीलवरचं (मॅग्नेटोच्या फिरत्या चाकावरचं) कव्हर काढा, फ्लायव्हीलला खिडक्या असतात, संध्याकाळच्या अंधारात कुणाला तरी किक मारायला सांगा आणि आत बघा. पॉइंटवर बारीकशी चमक चालते, पण चांगली मोठी निळी-पांढरी ठिणगी तडतडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट काळे-निळे पडून मधी खड्डा झाला असेल तरी तेच. त्याच खिडकीतनं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पॉइंटची गॅप पण बघून घ्या, ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर पाहिजे, मी ०.४० ठेवतो.

कॉइल तपासायला मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर वापरला, तिला हे वाचायला मिळणार नाही अशी आशा आहे. मल्टीमीटर कॉइलला लावून ड्रायरनं तापवत जायचं. रीडिंग हळूहळू थोडं वाढणं साहजिक आहे, तांब्याचा तो स्वभावच आहे. पण एका ठिकाणी आकडा उडी मारून एकदम भलतीकडं गेला, नाहीतर तारच तुटल्यासारखा दाखवायला लागला तर कॉइल बाद. माझ्या दोन्ही कॉइली पास झाल्या. म्हणजे कंडेन्सर.

आता गंमत अशी की कंडेन्सर मी आधीच दोन वेळा बदललेला होता. प्रत्येक वेळी तीन-चार महिने चालायचा आणि मग परत तेच. हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा सगळ्यांनाच माहितीय, त्यात या गाडीत तो बसलाय फ्लायव्हीलच्या मागं, पार इंजिनाच्या पोटाला चिकटून, बाहेर सोलापूरचं बेचाळीस डिग्री आणि आत भट्टी. म्हणून तिसऱ्या वेळी मी तो आत बसवलाच नाही. मोटारीचा कंडेन्सर आणला, जुन्या पद्मिनीचा, आणि बाहेर मोठ्या कॉइलशेजारी बसवला. पद्मिनी मूळची फियाट, म्हणजे इटलीचं इटलीलाच गेलं. मोटारींचे कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या मधले असतात, आपल्याला चालतात. जोडणी अगदी सोपी, मॅग्नेटोमधनं जी वायर मोठ्या कॉइलला येते त्याच टोकाला कंडेन्सरची वायर, आणि त्याचं डबडं स्क्रूनं बॉडीला घट्ट, तिथला रंग खरवडून, नाहीतर अर्थ मिळत नाही. एक गोष्ट मात्र विसरायची नाही, आतला जुना कंडेन्सर कापून टाकायचा. दोन्ही ठेवले आणि आतला शॉर्ट झाला तर बाहेरचा कितीही नवा असू दे, गाडी मेलेलीच.

आतला काढायला फ्लायव्हील उतरवावं लागतं, त्याला पुलर लागतो. पुलर नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा, पण हातोडीनं ठोकू नका, आतली छोटी चंद्रकोरीसारखी चावी कापली गेली की टायमिंग सरकतं आणि मग आपण भलतंच काहीतरी शोधत बसतो. फ्लायव्हील उतरलंच आहे तर आतल्या वायरींचं इन्सुलेशन पण बघून घ्या, साठ वर्षांचं रबर बोटानं दाबलं की खारी बिस्किटासारखं चुरतं. माझ्या गाडीतल्या पाचही वायरी मी त्याच वेळी बदलून टाकल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पाच आठवडे गाडी झकास. मग जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून नाही, ढग नुसते येऊन जातात तेव्हा, वळसंगच्या अलीकडं गाडीची ओढ गेली. बंद नाही पडली, पण अॅक्सिलेटर पिळतोय आणि गाडी मागं मागं, सिलिंडरकडनं तापलेल्या तव्याचा वास. मी लगेच क्लच दाबला आणि कडेला आलो. टू स्ट्रोक गाडीचा आवाज असा दबला की क्लच दाबणं हे पहिलं काम, विचार नंतर करायचा, नाहीतर पिस्टन धरतो आणि मागचं चाक लॉक होऊन आपण रस्त्यावर. ठिणगी बघितली, निळीजर्द. पेट्रोलची धार सलग. म्हणजे आता करंट नाही, पेट्रोल नाही, गाडी खरोखरच तापतीय.

घरी येऊन पहिल्यांदाच सिलिंडरवरचा पत्रा काढला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गाडीचं इंजिन पॅनलच्या आत झाकलेलं, त्याला समोरचा वारा लागत नाही, म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती आहेत, तो पंखा वारा ओढतो आणि पत्र्याच्या बोगद्यातनं सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर, मारतो. तो पत्रा दीड वर्षात कुठल्याच मिस्त्रीनं काढला नव्हता, कारण कार्ब्युरेटर साफ करायला तो काढावा लागत नाही.

पत्रा काढला आणि फिन्स दिसल्याच नाहीत. तिथं एक करडी गादी होती. मी आधी म्हटलं कुंभारमाशीनं घर केलंय, पण हात लावला तर मऊ. एका टोकाला धरून ओढली तर अख्खी चिंधी निघाली, तळहाताएवढी, ऑइलनं चिकट, फिन्सचे वळ उमटलेली, आणि मधी मधी गुलाबी आणि हिरव्या धाग्याचे तुकडे. आमचं घर पूर्व भागात आहे, भिंतीपलीकडं पॉवरलूम, टॉवेल विणतात. गाडी उभी असते ती बोळात, लूमच्या खिडकीखाली, आणि त्या खिडकीतनं दिवसभर तूस उडत असतं. सकाळी सीटवर पांढरा थर असतो तो मी रोज फडक्यानं झटकत होतो. सीटवरचा. गाडी सुरू केली की पंखा तेच तूस आत ओढत होता, ऑइलचा ओलावा होताच, आणि दीड वर्षात माझ्या इंजिनानं स्वतःसाठी सोलापुरी टॉवेल विणून घेतला होता.

मग सगळं जुळलं. वारा लागत नाही म्हणून सिलिंडर तापतो, उष्णता शेजारच्या मॅग्नेटोपर्यंत जाते, आत बसलेला कंडेन्सर तीन महिन्यांत भाजून मरतो. कंडेन्सर बाहेर काढल्यावर तो वाचला, पण ताप होता तिथंच होता, म्हणून दुखणं पुढं पिस्टनकडं सरकलं. मी कंडेन्सरच्या दर्जाला शिव्या घालत होतो, त्या अर्ध्या तरी परत घेतो.

साफ करायला फार काही नाही, पॅनल काढा, फ्लायव्हीलवरचं कव्हर, प्लगची कॅप, मग सिलिंडरवरचा पत्रा. रॉकेल आणि जुना टूथब्रश. फिन्सच्या पार मुळापर्यंत, कारण वरनं स्वच्छ दिसतं आणि आत फट बंद असते. पंख्याची पाती पण पुसा. आणि पत्रा परत लावायचाच, काही हुशार लोक "वारा लागेल" म्हणून तो काढूनच ठेवतात, बोगदा नसला तर वारा फिन्सवर जाणार कसा, तो आपला इकडं तिकडं पळतो. लूमवाल्या मालकांशी बोललो, ते म्हणाले खिडकी बंद केली तर कामगार उकडून मरतील, ते पण खरंच आहे. गाडी आता बोळाच्या दुसऱ्या टोकाला लावतो आणि दोन महिन्यांनी पत्रा उघडतो. तुमच्याकडं लूम नसेल पण डाळमिल असेल, ज्वारीचं खळं असेल, कुत्र्याचे केस असतील. उघडून बघा.

तापण्याच्या यादीत अजून दोन गोष्टी थोडक्यात. हल्लीचं ई२० पेट्रोल, त्यात वीस टक्के इथेनॉल, त्यामुळं कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि टू स्ट्रोक पातळ मिश्रणावर जास्त तापते. मी मेन जेट एक नंबर मोठा टाकला, प्लगचा रंग पांढराफट होता तो आता चहासारखा येतो. कॉकचं रबर आणि नळी पण या पेट्रोलनं फुगते, ती चांगल्या प्रतीची घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल पाणी ओढतं. ऑइल मी पेट्रोलमधीच लिटरला ३५ मिली टाकतो, मोजून, अंदाजानं नाही.

दुसरं म्हणजे क्रँकचे ऑइल सील. अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन वरच्या आवाजातच राहतंय, खाली यायला वेळ लावतंय, असं असेल तर सीलमधनं हवा ओढली जातीय. फ्लायव्हीलच्या मागं ऑइलचा ओलावा असेल तर मॅग्नेटोकडचं सील. धूर पांढरा आणि गेअरऑइल कमी होतंय तर चेनकेसकडचं. हे घरी करायचं काम नाही, पण मिस्त्रीला नेमकं सांगता येतं. आणि तुळजापूरचा घाट उतरताना गेअरमधी अॅक्सिलेटर पूर्ण बंद ठेवून येऊ नका, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल पण बंद, मधी मधी थोडा थोडा पिळत राहा.

पत्रा साफ केल्याला आता एक उन्हाळा उलटून गेला. या मे महिन्यात चारही गुरुवारी अक्कलकोट झालं, कुठं थांबली नाही, पद्मिनीचा कंडेन्सर तोच आहे. एक खोड मात्र राहिलीय. तिथं दर्शन घेऊन वीस-पंचवीस मिनिटांनी आलो की पहिल्या किकला सुरू होत नाही, कारण उभ्या गाडीत उष्णता वर येते आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरतं. यावर चोक ओढायचा नाही, चोक ओढला की अजून बुडते. पेट्रोलची दांडी बंद, अॅक्सिलेटर पूर्ण उघडा, तीन-चार किका. दम धरला की दांडी उघडायची. तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर मंदिराबाहेर सगळे बघत असतात.